पोरांच्या हौदाची हद्द

प्यो युन-सुक या बाईबद्दल चांगलं लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्या देगू शहरातल्या कंपनीत ती सॉफ्टवेअर लिहिते आणि मी, हाम दे-शिक, ते सॉफ्टवेअर घातलेली यंत्रं न्हाणीघरांत बसवत फिरतो. सार्वजनिक न्हाणीघरांतल्या कुठल्या हौदाचं पाणी किती गरम ठेवायचं, ताजं पाणी कधी घ्यायचं, हे सांभाळणारी यंत्रं. धंदा लहान, माणसं मोजकी, त्यामुळे एकमेकांची तोंडं रोज बघावी लागतात. आणि बाईंचं तोंड म्हणजे काय सांगू! तुम्ही तिच्या पर्समधून काहीतरी उचललंय आणि ते तिला पक्कं ठाऊक आहे, असा भाव कायमचा चिकटलेला.

तिचा कशावरच भरवसा नाही. उकडलेलं अंडं सोललं की आधी वास घेते. लिफ्टमध्ये कुणी आधीच बटण दाबलेलं असलं तरी स्वतः पुन्हा दाबते. ऑफिसच्या फ्रिजमध्ये तिच्या किमचीच्या डब्याला चिकटपट्टी, आणि पट्टीवरून डब्यापर्यंत पेनाची रेघ, म्हणजे कुणी काढून परत लावली तर रेघ जुळायची नाही. मी एकदा सहज म्हटलं, "प्योबाई, तुमची किमची चोरायला कुणाला वेड लागलंय का?"

"वेड लागलेला माणूस सांगून येत नाही, हामसाहेब."

घ्या!

तिची आई कापडबाजारात गाळा चालवायची. शाळा सुटली की ही पोर ताग्यांच्या मागे बसून अभ्यास करायची. गिऱ्हाईक "फिरून येतो" म्हणून गेलं की आई पुटपुटायची, "हा काही येत नाही." आणि तो यायचा नाही. लहानपणापासून हेच कानावर पडलं तर दुसरं काय होणार? लग्न एकदा अगदी ठरलं होतं. मुलगा सांगतो त्या बँकेत खरंच आहे का ते बघायला हिनं नाव न सांगता बँकेत फोन लावला. तो तिथेच होता. फोन त्यानंच उचलला आणि आवाज ओळखला. झालं, फिस्कटलं. ही गोष्ट तिनं स्वतःच मला एकदा सांगितली, आणि वर म्हणाली, "पण निदान खात्री तर झाली."

आता त्या सणाच्या दिवसांतली गोष्ट. चांद्र नववर्ष जवळ आलं की न्हाणीघरं फुलून जातात. आज्या नातवंडांना दंडाला धरून आणतात आणि वर्षभराचा मळ घासून काढतात. योम मालकांच्या न्हाणीघरात बायकांच्या बाजूला पोरांसाठी एक उथळ हौद आहे. त्याच्या पाण्याची हद्द सदतीस अंश. त्या दिवशी भर गर्दीत एका आजीनं नातीला त्यात सोडलं आणि पोरगी अशी किंचाळली की पुरुषांच्या बाजूला दाढ्या करणारे हात थांबले. घोट्यापर्यंत पाय लालभडक. फोड आले नाहीत हे नशीब. आजीनं तिथल्या तिथे, अंगावर टॉवेलही धड नाही, असा आकांत मांडला की विचारू नका. पाणी मोजलं तर सेहेचाळीस. मला लगेच बोलावून घेतलं.

संशय कुणावर जाणार हे ठरल्यासारखंच होतं. आमच्या यंत्राच्या पडद्यावर ठसठशीत दिसत होतं, पोरांचा हौद, हद्द सदतीस. म्हणजे यंत्र त्याच्या वर जाऊ देणार नाही. मग उरला तळघरातला हातानं फिरवायचा गरम पाण्याचा वॉल्व्ह. आणि तळघरात माणूस एकच, बॉयलरवाले बांग गिल-बोक. साठी ओलांडलेले, एका पायानं किंचित लंगडणारे. अंग घासून देणाऱ्या बायकांनी कुजबुज सुरूच केली होती की म्हातारा हल्ली सकाळीच थोडी घेतो. योम मालकांनी बांगकाकांना वर काउंटरपाशी बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "वॉल्व्ह तुम्हीच उघडलात ना?" बांगकाका कमरेत वाकले आणि म्हणाले, "चूक झाली मालक. माझ्याच हातून झालं."

विषय संपला. सण झाला की काम सोडायचं, असं ठरलं. आता त्या वयाच्या बॉयलरवाल्याला दुसरं कोण ठेवून घेणार? शहरातली निम्मी न्हाणीघरं बंद पडलीत. शिवाय पोराचा पाय भाजणारा माणूस म्हणून नाव झालेलं. त्या माणसाचं सगळं त्या एका "हो"वर जाणार होतं, आणि कुणाला त्यात काही खटकत नव्हतं. मलाही नाही, कबूल करतो. मी ऑफिसात येऊन सांगितलं की आपल्या यंत्राचा दोष नाही, माणसानं कबूल केलंय, सुटलो. सगळ्यांनी हुश्श केलं. एकट्या प्योबाईंनी मान वर केली.

"त्यांनी लगेच कबूल केलं?"

"लगेच."

"कारण विचारलं नाही, सबब सांगितली नाही, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही?"

"नाही हो. सरळ माणूस."

"इतक्या सरळ माणसावर माझा विश्वास नाही," बाई कोट चढवत म्हणाल्या. "गाडी काढा."

मला वाटलं, झालं! आता ही म्हाताऱ्याची उलटतपासणी घेणार. मनात शिव्या घालतच गाडी काढली.

तळघरात बॉयलरची घरघर चालू होती. बांगकाकांनी आम्हाला बघितलं आणि उभे राहिले ते वाकलेलेच राहिले. एकुलती एक खुर्ची बाईंपुढे सरकवली. बाईंनी बसायच्या आधी खुर्चीचे पाय हलवून बघितले, मग बसल्याच नाहीत.

"कुठला वॉल्व्ह?"

"हा, बाई."

"कधी उघडलात?"

"सकाळी. म्हणजे, गर्दी वाढली तेव्हा."

"किती उघडलात?"

"थोडाच. अर्धा आटा."

"फिरवून दाखवा."

बांगकाकांनी चाकाला हात घातला. एका हातानं हलेना, दोन्ही हातांनी धरलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. चाक जागचं हललं नाही. मी म्हटलं, सरका, मी बघतो. माझं आयुष्य वॉल्व्ह फिरवण्यात गेलंय. पण ते चाक मलाही दाद देईना. बाईंनी मोबाइलचा उजेड पाडला. पाइपला दिलेला हिरवा रंग दांड्यावरून चाकाच्या खोबणीपर्यंत एकसंध वाळलेला होता. कुठे तडा नाही, पोपडा उडालेला नाही. आणि हे मी, या कामातलं जुनं खोड, आधी येऊन गेलो तेव्हा बघितलंही नव्हतं. माणसानं कबूल केलंय म्हटल्यावर वॉल्व्ह कोण बघतो!

"हा रंग कधी दिला?" बाईंनी विचारलं.

"मालकांचे वडील होते तेव्हा."

"मग खोटं का बोललात?"

बांगकाकांनी नजर बुटांवर नेली. मग म्हणाले, "मालकांनी विचारलं, तुम्हीच ना? सगळे बघत होते. मालकांनी तसं म्हटल्यावर... मी हो म्हटलं."

"पण तुम्ही केलं नव्हतं."

"आता मला तरी काय कळतंय, बाई? रोज दार उघडायच्या आधी मी हौदात हात घालून बघतो. त्या दिवशीही घातला. मला कोमट लागलं. म्हणजे हातच गेला असेल माझा. विसरलोही असेन काही. म्हातारा माणूस."

स्वतःच्या हातावरचा भरवसा उडालेला माणूस मी तोवर बघितला नव्हता.

आम्ही गाडीत बसलो. मी म्हटलं, "कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या कुणीतरी खोडसाळपणा केला असणार. योम मालकांचं त्यांच्या भावाशी पटत नाही, माहितीय ना?"

"मला आता आपलाच संशय येतोय," बाई म्हणाल्या.

"आपला? पडद्यावर सदतीस आहे, प्योबाई! मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"पडदा पाणी तापवत नाही. तापवणारा भाग हद्द कुणाला विचारतो, ते मला बघायचंय."

इथे थोडं आमच्या कामाचं सांगावं लागेल. कंटाळू नका, सगळं यातच आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'हौद' नावाचा एक मूळ क्लास, म्हणजे साचा, आहे. त्याला बाप म्हणा. कंपनीचे संस्थापक नामगुंग साहेब, त्यांनी कंपनी काढली तेव्हा स्वतः लिहिलेला. पाणी भरणं, तापवणं, थांबवणं सगळं त्यात. गरम हौद, थंड हौद, काढ्याचा हौद, पोरांचा हौद, ही सगळी त्याची लेकरं. बापाकडे जे आहे ते लेकरांना आयतं मिळतं, आणि ज्याला जे वेगळं हवं तेवढंच त्यानं आपल्यापुरतं बदलायचं. बापाची कमाल हद्द अठ्ठेचाळीस. पोरांच्या हौदाला ती सदतीस हवी.

पण बदलायचीही एक रीत आहे. आधी बापाच्या त्या ओळीत एक शब्द लागतो, की माझी ही गोष्ट लेकरानं बदलली तर माझी हरकत नाही. मग लेकराच्या ओळीत दुसरा शब्द, की मी बापाचीच गोष्ट बदलतोय. दोन्ही असले की कुणीही कुठूनही विचारो, उत्तर लेकराचंच मिळतं. बापाचा शब्द नसेल तर बापाचं काही बदलत नाही. लेकरू फार तर त्याच नावाची आपली दुसरी हद्द शेजारी ठेवू शकतं. मग एकाच हौदाच्या पोटात दोन हद्दी नांदतात. पोरांचा हौद म्हणून हाक मारा, सदतीस सांगेल. नुसता हौद म्हणून हाक मारा, अठ्ठेचाळीस सांगेल.

ऑफिसात बाईंनी मला ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर करून दाखवलं. तोच हौद, तीच हद्द. एका नावानं विचारलं, सदतीस. दुसऱ्या नावानं विचारलं, अठ्ठेचाळीस. न्हाणीघरातला पडदा पोरांचा हौद म्हणून विचारायचा. तापवायचं काम लिहिलेलं होतं बापाच्या घरात, आणि बाप सगळ्यांना नुसतं हौद म्हणूनच ओळखतो.

"मग इतकी वर्षं काही झालं कसं नाही?" मी विचारलं.

"इतकी वर्षं बांगकाका आकडा लावायचे तेवढंच तापायचं. हद्दीपर्यंत जायची वेळच आली नाही. या थंडीत आपण सॉफ्टवेअरमध्ये गर्दीसाठीची नवी भर घातली ना? मळकं पाणी सोडायचं, ताजं भरायचं आणि हद्दीपर्यंत झटक्यात तापवायचं. बांगकाकांनी हात घातला तेव्हा पाणी कोमटच होतं. पाणी नंतर बदललं."

म्हणजे म्हाताऱ्याचा हात शाबूत होता! मी टेबलावर हात आपटला. "कुणाचा हा गाढवपणा? तो नोकरी सोडून गेलेला, सारखा फोनवर असायचा तो, त्याचाच असणार! मला त्याचा पहिल्यापासून..."

"माझा," बाई म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ही ओळ मी लिहिलीय. नवी होते तेव्हा. कॉम्प्युटरनं बजावलंही होतं, की या नावाची गोष्ट बापाकडे आधीच आहे, तू ती नुसती झाकतेयस, मुद्दाम करत असशील तर तसं लिही. मी लिहिलं, मुद्दाम करतेय. सूचना गेली."

"तुम्ही? अहो, तुम्ही अंड्याचा वास घेता!"

"साहेबांच्या फाइलीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, मला विचारल्याशिवाय हात लावू नये. म्हणून विचारायला गेले होते. साहेब पेपर वाचत होते. म्हणाले, 'काय गं?' मी म्हटलं, 'काही नाही.' आणि परत येऊन बसले."

आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या लिखाणाला कुणी हात लावत नाही. त्यांनी लिहिलेलं तसंच ठेवायचं आणि आपलं काय ते बाजूला, खालच्या आवाजात करून घ्यायचं, ही सवय इतकी अंगात भिनलेली आहे की मला बाईंचा राग करता येईना. पण एक सांगतो, त्या घटकेला मला बाईंचा पक्का संशय आला. वाटलं, आता ही गुपचूप ओळ दुरुस्त करील आणि मूग गिळून बसेल. म्हाताऱ्यानं कबूल केलंच आहे. कुणाला पत्ता लागणार होता?

बाई उठल्या त्या थेट नामगुंग साहेबांच्या टेबलापाशी. साहेब आता ऐंशीच्या घरात आहेत, तरी रोज येतात आणि रोज पेपर वाचतात. मी मागे, दोन पावलं अंतर ठेवून.

"काय गं?" साहेब म्हणाले.

बाई आणखी एक पाऊल पुढे सरकल्या. मग एका दमात म्हणाल्या, "साहेब, तुमच्या हौदात एक शब्द घालायला परवानगी हवी आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "माझ्या हौदात खोट काढलीस?"

"खोट माझ्यात आहे." आणि तिनं सगळं सांगितलं. पोरीचा पाय, दोन हद्दी, तेव्हा न विचारलेला शब्द, सगळं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढंसं? तेव्हाच बोलली असतीस तर तिथल्या तिथे घातला असता. मी काय खाणार होतो तुला?"

बाईंचा चेहरा असा उतरला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

शब्द घातला गेला. बापानं मुभा दिली, लेकरानं रीतसर बदललं. बाईंनी नुसतं सदतीस लिहून सोडलं नाही. बापाची हद्द आणि लेकराची हद्द यांत जी कमी असेल तीच लागू, असं लिहिलं, म्हणजे उद्या कुणी बापाची आणखी खाली आणली तर लेकरू त्याच्या वर उड्या मारणार नाही. मग दोन्ही नावांनी पुन्हा पुन्हा विचारलं. सदतीस, सदतीस. तरी तिचं समाधान होईना. माझ्याकडून एक यंत्र ऑफिसात मागवून, त्याला विजेच्या हीटरची टाकी जोडून स्वतःसमोर पाणी तापवून बघितलं, तेव्हा कुठे मान हलवली. तोवर मी आमची यंत्रं असलेल्या प्रत्येक न्हाणीघराला फोन करून पोरांचे हौद रिकामे करायला लावत होतो. कारण काय सांगायचं, तर साहेब म्हणाले, "नेहमीची देखभाल."

आणि मग साहेब खरं काय ते बोलले. "योमला मात्र काही सांगायचं नाही. त्यांच्या माणसानं कबूल केलंय. ते मिटलंय. सणासुदीला आपल्या नावाची राख कशाला करायची? समजलं ना, प्यो?"

आता ही "हो साहेब" म्हणणार, याची मला खात्री होती. मीही तेच म्हटलं असतं.

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "मी सांगणार आहे. तुम्हाला विचारून नाही, सांगून जातेय."

साहेबांनी पेपर वर धरला आणि चेहरा दिसेनासा झाला. परवानगी होती की नाही, देव जाणे. आम्ही निघालो.

योम मालकांना वाटलं आम्ही त्यांना बनवायला आलोय. सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक करून म्हणाले, "बांग तुमचे कोण लागतात?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या.

"मग कंपनी स्वतःच्या डोक्यावर दोष ओढून घेतेय, ती कशासाठी? काहीतरी विकायचंय तुम्हाला. नवं यंत्र?"

"रंग बघून घ्या वॉल्व्हचा!" माझा तोल गेला. "चाक फिरत नाही तुमचं!"

"बघितला. पण माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणाला, मी केलं. न केलेलं कुणी अंगावर घेतं का? ते मला येऊन सांगू देत की नाही केलं, मग बघू." एवढं बोलून मालक काउंटरच्या मागे टॉवेलांच्या घड्या घालायला लागले.

म्हणजे आता सगळं पुन्हा बांगकाकांच्या जिभेवर आलं. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून तळणीचा वास आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, एक डोळा.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही, काकू. आम्ही कंपनीतून..."

"आज कसली कंपनी?" तरी घेतलं आत. काकू पूर्वजांच्या नैवेद्यासाठी माशाची धिरडी परतत होत्या. बांगकाका जमिनीवर बसून लसूण सोलत होते. आम्हाला बघून त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर बायकोकडे बघितलं, की ही आता काय म्हणते.

बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. काकूंनी उलथणं खाली ठेवलं नाही. "यांनीच बोलावलं ना तुम्हाला? गोड बोलून आणलं असेल. गेले कित्येक दिवस मी रोज यांच्या तोंडाचा वास घेतेय. मला म्हणतात, मी पीत नाही. मग लेकराचा पाय कसा भाजला?"

"मला गोड बोलून कुणी कुठे नेत नाही," बाई म्हणाल्या.

"हे मात्र शंभर टक्के खरं आहे, काकू," मी म्हटलं. "मी हमी देतो."

काकू हसल्या नाहीत. "मग मालकांसमोर हो का म्हणाले? सांगा ना! न केलेल्याला हो म्हणणारा माणूस असतो का जगात?"

बांगकाकांनी लसणाची आणखी एक पाकळी उचलली. तेल चुरचुरत होतं.

"असतो," बाई म्हणाल्या. "मी नाही का? मला विचारायचं होतं, आणि मी 'काही नाही' म्हटलं. त्या 'काही नाही'चं पाणी त्या पोरीच्या पायावर पडलं."

काकूंनी आधी बाईंकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. आणि मग अशा कडाडल्या की शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल. "म्हणजे हिला एका म्हाताऱ्याला एक शब्द विचारवला नाही, आणि ह्यांना एका माणसाला 'नाही' म्हणवलं नाही! जिभा काय नैवेद्याला ठेवल्यात? आणि मी इथे यांच्या तोंडाचा वास घेत बसले!" त्यांचे डोळे भरून आले होते. पदराबिदराची सवय नाही आमच्याकडे, त्यांनी मनगटानंच पुसले, आणि ओट्यावरचा फोन उचलून नवऱ्याच्या लसणाच्या हातात कोंबला. "लावा मालकांना."

"आत्ता? सण आहे उद्या. ते जेवत असतील."

"जेवू देत. लावा."

"सणानंतर बघू की..."

"सणानंतर तुम्ही घरी बसणार आहात!"

प्योबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. बांगकाकांनी नंबर दाबला आणि पलीकडे आवाज आला तसे धडपडत उभे राहिले. फोन कानाला लावून भिंतीसमोर कमरेत वाकले, जणू मालक त्या भिंतीतच आहेत. मालकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. त्यांच्या आईची तब्येत विचारली. थंडीबद्दल बोलले. काकूंनी उलथणं उगारलं.

"मालक," बांगकाका म्हणाले, "तो वॉल्व्ह मी उघडला नव्हता."

पलीकडून मालक काय म्हणाले ते आम्हाला कळलं नाही, पण बराच वेळ काहीतरी बोलत होते. बांगकाका वाकलेलेच होते. त्यांचा मोकळा हात पँटच्या शिवणीला घट्ट चिकटलेला. मला वाटलं, आता "चूक झाली मालक" येणार. काकूंनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

बांगकाका हळूहळू सरळ झाले.

"नाही मालक," ते म्हणाले. "मी नाही केलं."

तव्यावरचं धिरडं जळलं होतं. कुणी ते उलटायला गेलं नाही.